तीन हाका

जयवंत साटम यांचा अंत्यविधी १९९८ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी सूर्यास्ताच्या सुमारास, अर्नाळ्याच्या किल्ल्याबाहेरच्या वाळूत झाला. त्या वेळी ते स्वतः हाकेच्या अंतरावर एका होडीत बसून होते आणि आपल्या एन्ट्रीची वाट पाहत होते.

साटम मुंबईत एका विमा कचेरीत नोकरीला होते. वसईत स्टेशनजवळ त्यांचा फ्लॅट होता आणि सुट्टीच्या दिवशी ते हौशी नाटकं बसवत. ‘हिरोजी नाखवा’ हे नाटक त्यांनीच लिहिलं होतं, त्यांनीच बसवलं होतं आणि हिरोजीही तेच होते. हिरोजी हा जुन्या मराठी आरमारातला नाखवा, किल्ल्यातल्या लोकांचा पूर्वज. त्याच्या लढायांच्या गोष्टी सगळेच सांगतात, मी त्याच्या घरात शिरलो आहे, असं साटम मुलाखतींत सांगायचे. घरात म्हणजे त्याच्या बायकोच्या, येसूच्या, मनात. येसूचं काम साटमांची पत्नी ज्ञानदा करायची. एरवी ती विरारच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे.

आता ते ज्या घरात खरोखर शिरले होते त्याविषयी.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर बेट आहे, बेटावर किल्ला आणि किल्ल्याच्या अंगाखांद्याला कोळ्यांची वस्ती. साटम तीन वर्षांपूर्वी नाटकाचा अभ्यास करायला तिथे गेले आणि आठवडाभर चांगुणाबाईंकडे राहिले. घरात दोघीच. चांगुणाबाई आणि त्यांची सून लतिका. मुलगा काळूराम एका वादळात बोटीसकट गेला होता. देह मिळाला नव्हता.

असा माणूस गेला की किल्ल्यात एक रीत पाळतात. पेंढ्याचं माणूस करायचं. त्याला गेलेल्याच्या अंगावरचे कपडे चढवायचे. धुतलेले चालत नाहीत. घरातली म्हातारी बाई पाण्याकडे तोंड करून त्याच्या पूर्ण नावानं तीन हाका मारते. ओ आली नाही तर बायको पेंढा पेटवते. त्यानंतर तो माणूस समुद्रातून चालत आला तरी परत आला असं कोणी मानत नाही. त्याला नव्यानं जन्माला यावं लागतं. पाळण्यात निजायचं, नाव घालून घ्यायचं. लग्न झालेलं असेल तर तेसुद्धा पुन्हा लावायचं. तोवर त्याच्याशी कोणी बोलत नाही, कारण बोलायला तो असतच नाही. मागच्या पिढीतला एक तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस, पाकिस्तानच्या तुरुंगातून काही वर्षांनी सुटून आला तेव्हा त्याला पन्नाशीत पाळण्यात घातलं होतं. बघायला आलेली पोरं हसत होती. तो हसत नव्हता.

हे सगळं साटमांना चांगुणाबाईंनी सांगितलं. लतिकानं सांगितलं ते वेगळं. एका दुपारी जवळा निवडताना ती बोलून गेली की काळूरामचा पेंढा पेटवला तेव्हा तिला हसू आलं होतं. सगळ्यांच्या पाठी होत्या, म्हणून कोणाला दिसलं नाही. काळूराम दारू पिऊन आला की मारायचा. पेंढा धडाडून पेटला आणि तिच्या मनात आलं, आज रात्री दाराला आतून कडी घालून झोपता येईल. एवढंच. एवढ्यासाठी हसू आलं. “कुनाला सांगू नको भाऊ,” ती म्हणाली होती.

“वहिनी, हे माझ्याजवळच राहील,” साटम म्हणाले होते.

नाटकात येसू नवऱ्याचा पेंढा पेटवते आणि खदखदून हसते, कारण तिचा दुसऱ्यावर जीव आहे. मग बुडालेला समजलेला हिरोजी परत येतो. गाव त्याला पाळण्यात घालतं, त्याला नवा जन्म मिळतो आणि तो येसूला म्हणतो, मी आज जन्मलो, तू माझी कोण? या वाक्यावर टाळ्या पडत. त्या हसण्यावर मात्र आधी सगळं प्रेक्षागृह चिडीचूप होई आणि मग टाळ्या पडत. ज्ञानदाला त्या हसण्याबद्दल अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं.

किल्ल्यातली काही माणसं पहिल्याच वर्षी वसईला प्रयोग बघून आली. येसूच्या घरातल्या उतरंडीपासून सासूच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूपर्यंत सगळं ओळखीचं होतं. हसणं कुठून आलं असेल ते त्यांना विचारावं लागलं नाही. लतिकाला ‘हसरी’ असं नाव पडलं. अर्नाळ्याच्या बाजारात बायका तिच्या टोपलीपासून टोपली सरकवून बसू लागल्या. चांगुणाबाईंनी लुगडी गाठोड्यात बांधली आणि त्या पाचूबंदरला लेकीकडे निघून गेल्या.

लतिका त्याच आठवड्यात वसईला गेली. प्रयोग संपल्यावर साटम रंगपटात तोंडाला तेल लावून रंग उतरवत होते.

“भाऊ, माझा घर मोडलास.”

“बसा वहिनी. कोणी चहा सांगा रे.” साटमांनी टॉवेल घेतला. “हे बघा, नाटकात कुठे तुमचं नाव आहे? लतिका म्हटलंय? काळूराम म्हटलंय? नाव घेतलं तर तो माणूस. नाव नाही घेतलं तर ते फक्त पात्र. याला कला म्हणतात.”

“नाव घेतला असता तं?”

“तर तुमची तक्रार रास्त होती.”

लतिका चहा न घेता उठली. ते वाक्य तिनं नीट लक्षात ठेवलं.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. जयवंत साटम कामातून जायला हवे होते आणि चांगुणाबाई घरी यायला हव्या होत्या. पहिली गोष्ट जमवता येईल असं तिला वाटत होतं. दुसरीचा भरवसा नव्हता.

संधी साटमांनीच आणून दिली. पन्नासावा प्रयोग हिरोजीच्या भूमीत, खऱ्या वाळूवर, खऱ्या समुद्रासमोर करायचं त्यांच्या मनात आलं. ते परवानगी मागायला बेटावर आले तेव्हा जमातीची माणसं देवळापुढे बसली होती. गावचे पाटील हरेश्वर तोंडात तंबाखू धरून ऐकत होते. बहुतेकांचा कल नकाराकडे होता. मागच्या बाजूला बायकांत बसलेली लतिका म्हणाली, “करू दे ना त्यांना.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“माझाच बोभाटा झालाय ना? मना चालतं तं तुमाला काय? खरा करायचा हाय ना त्यांना, करू दे खरा. पेंढ्याचा मानूस मी करून देते.”

हरेश्वर तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी बाजूला जाऊन तंबाखू थुंकला आणि येऊन म्हणाले, “हाक कोन मारनार?”

साटम म्हणाले, “आमच्याकडे आहेत एक बाई, सासूचं काम करतात.”

“त्या नाय चालनार,” लतिका म्हणाली. “ज्या बाईनं आपल्या मानसाला हाक मारलेली हाय तीच मारते. तशी रीत हाय. माझी सासू हाय ना.”

साटमांचे डोळे चमकले. खुद्द काळूरामची आई. “त्या येतील?”

“इचारते.”

परत जाताना साटम होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. होडी चालवणाऱ्या युजीननं विचारलं, “साहेब, पोहायला येतं ना?” साटम म्हणाले, “नाखव्याला पोहावं लागत नाही रे, हुकूम द्यावा लागतो.” युजीन हसला. त्यालाही आवडलं ते वाक्य.

पाचूबंदरला चांगुणाबाई दारात बसून जाळ्याची भोकं सांधत होत्या. दिसत नव्हतं तरी बोटं चालत होती. लतिका समोर बसली. दोघींचं दोन-अडीच वर्षांनी बोलणं होत होतं.

“तुज्यासाठी नाय यायची मी,” सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या.

“माझ्यासाठी नको.”

“माझा पोर एकदा जळला. मी हाक मारली, ओ आली नाय, जळला. त्या मानसानं त्याला टाळ्या घ्यायला जाळला. कितींदा?”

“एकोनपन्नास.”

म्हातारीनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. “नाव काय त्याचा? पुरा सांग. बापाचा पन सांग.”

नाव जाहिरातीच्या कागदावर ठळक होतं. लतिकानं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

प्रयोगाच्या रविवारी दुपारपासून होड्या फेऱ्या मारत होत्या. मंडळाची माणसं आली, जनरेटर आला, वसईचे निमंत्रित आले, दोन वर्तमानपत्रांचे लोक आले. वाळूवर पुढे सतरंज्या होत्या. गाव मागे बसलं. साटम सगळीकडे होते. दिवे कुठे लावायचे ते सांगत होते, मावळत्या सूर्याचा हिशेब करत होते. होडीतून उतरून गुडघाभर पाण्यातून चालत येण्याची त्यांची एन्ट्री त्यांनी युजीनबरोबर दोनदा घोटून घेतली.

लतिका पेंढ्याचं माणूस घेऊन आली. “भाऊ, कपडे.”

“अंगरखा पेटीत आहे, जादाचा.”

“पेटीतला नको. अंगावरचा लागतं. घामाचा.”

साटम हसले. वेशांतर झालं होतं, ते हिरोजीच्या अंगरख्यात आणि पगडीत होते. त्यांचा चौकटीचा शर्ट आणि पँट खिळ्याला लटकत होती. “घ्या, हे घ्या,” ते म्हणाले. “साबण लागलेला नाही. वरून अंगरखा चढवा म्हणजे लोकांना दिसणार नाही. पण आतून खरं हवं. याला आम्ही आंतरिक सत्य म्हणतो.”

“आमी पन,” लतिका म्हणाली.

ज्ञानदा तयार व्हायला लतिकाच्या घरी आली होती. लतिकानं तिला कोळिणींसारखं लुगडं नेसवलं, अंबाड्यात फुलं खोवली. ज्ञानदा आरशात बघत म्हणाली, “वहिनी, ते हसणं आहे ना, तिथे मला दर वेळी नको वाटतं. हे म्हणतात, तिथेच नाटक आहे. पण नवरा जळतोय आणि बाई हसतेय, असं कधी घडतं का?”

“घडला होता.”

“कोणाचं?”

“तुमाला सांगितला नाय त्यांनी?”

ज्ञानदा तिच्याकडे वळली. लतिकाच्या दातांत पिन होती. ती काढून तिनं ज्ञानदाच्या अंबाड्यात खोचली. “माझा,” ती म्हणाली. “दुसरा कोन पन नव्हता बाई, माझ्या जिवात. हात उचलायचा म्हनून. तेवढा तुमच्या नाटकात नाय आला.”

ज्ञानदा पुन्हा आरशाकडे वळली. बाहेर कर्ण्यावर ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं. मग ती म्हणाली, “मी हसण्याबद्दल बक्षीस घेतलं.”

“माहीत हाय मना,” लतिका म्हणाली, आणि तिचा पदर सारखा केला.

नाटक वेळेवर सुरू झालं. पहिला अंक चांगला रंगला. हिरोजी मोहिमेवर निघाला, येसूनं ओवाळलं, साटम वाळूवरून चालत गेले आणि बुरुजाच्या आडून युजीनच्या होडीत जाऊन बसले. होडी थोडी बाहेर नेऊन युजीननं नांगर टाकला. वारा किनाऱ्याकडून येत होता, रंगमंचावरचा शब्द न् शब्द तिथे ऐकू येत होता. साटमांनी तिथूनच एका नटाचा उच्चार चुकल्याबद्दल शिवी घातली.

हिरोजी बुडाल्याची बातमी आली. पेंढ्याचं माणूस आणलं गेलं. दोन बायकांनी धरून चांगुणाबाईंना पाण्याच्या कडेला उभं केलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

“जयवंत दत्ताराम साटम,” त्यांनी हाक दिली. “येतंस काय रं?”

सतरंजीवर हलकी कुजबुज झाली. एक पत्रकार शेजारच्याला म्हणाला, “वा.” मागे बसलेलं गाव मात्र उठून उभं राहिलं. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

होडीत युजीन म्हणाला, “साहेब, तुम्हाला बोलावतेय.”

“गप्प बस. म्हातारी चुकली. हिरोजी म्हणायचं होतं तिनं.”

“ओ द्या साहेब.”

“वेडा आहेस का? सीन पडेल.” साटम दबक्या आवाजात बोलत होते. समोरचा नट चुकला तरी विंगेतून त्याला उघडं पाडायचं नाही, हा त्यांच्या मंडळाचा पहिला नियम होता आणि तो त्यांनीच घालून दिला होता. एका प्रयोगात शिडाचा बांबू त्यांच्या पायावर पडला, तरी अंक संपेपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. ही गोष्ट ते नव्या पोरांना सांगत.

दुसरी हाक आली. या वेळी आवाज जास्त स्वच्छ होता. बापाचं नाव, आडनाव, सगळं.

“साहेब, मी क्रिस्तांव, मला त्या रीतीचं काय बंधन नाय,” युजीन म्हणाला. “पण मी सांगतो, ओ द्या.”

“अरे, या सीनमध्ये मी मेलेला आहे.”

“तेच सांगतोय मी.”

साटमांनी ओठांवर बोट ठेवलं. तिसरी हाक पाण्यावरून आली, होडीला लागली आणि पुढे गेली. ते बसून राहिले. नंतर पुष्कळांनी त्यांना विचारलं की त्या वेळी मनात काय होतं. ते खरं तेच सांगायचे. म्हातारीची चूक पुढच्या वाक्यात कशी सांभाळून घ्यायची, याचा ते विचार करत होते.

वाळूवर ज्ञानदाच्या हातात टेंभा दिला गेला. ती पेंढ्यापाशी आली. अंगरख्याच्या गळ्यातून चौकटीच्या शर्टाची कॉलर बाहेर आली होती. तो शर्ट तिनंच आणलेला होता. तिनं मान वर करून बायकांत उभ्या असलेल्या लतिकाकडे पाहिलं. लतिकानं नजर वळवली नाही. ज्ञानदानं टेंभा टेकवला.

पेंढा एकदम पेटला. ज्ञानदा हसली नाही. ती नुसती उभी राहिली, मग टेंभा वाळूत खुपसून आत निघून गेली. संगीतवाल्याला काय करावं कळेना, त्यानं हसण्यानंतरचा ढोल तसाच वाजवला.

ढोल हीच एन्ट्रीची खूण होती. युजीननं नांगर उचलला, होडी कडेला आणली आणि साटम गुडघाभर पाण्यात उतरले. मागे दिवा, पुढे आग. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर एन्ट्री. त्यांनी हात पसरले आणि म्हणाले, “मी आलोय. दर्यानं मला परत धाडलंय.”

गावानं पाठ फिरवली. कोणी ओरडलं नाही, कोणी दगड उचलला नाही. बायकांनी पोरांना कडेवर घेतलं, माणसं आपापल्या घरांकडे निघाली. पाळण्याच्या प्रसंगासाठी ठरलेले गावकरीही गेले. उरलेलं नाटक साटमांनी सतरंजीवरच्या लोकांसमोर पार पाडलं. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नटाचं खरं नाव पुकारून भूमिका आणि माणूस यांतली भिंत पाडली, हे फार धाडसी होतं, असं मंगळवारच्या अंकात छापूनही आलं.

नाटक संपल्यावर सगळ्यांना चहा मिळाला. साटमांपुढे किटली थांबली नाही. चहावाली पोरगी त्यांच्या उजवीकडच्याला देऊन डावीकडच्याकडे गेली. त्यांना वाटलं, गर्दीत राहून गेलं. मग निमंत्रित होड्यांत बसू लागले तेव्हा तेही एका होडीकडे गेले. होडीवाल्यानं फळी ओढून घेतली. दुसऱ्यानं तेच केलं.

“युजीन, चल रे,” साटम म्हणाले.

युजीन होडीतलं पाणी उपसत होता. मान खाली घालून तो होडीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मी क्रिस्तांव हाय, पण माझी होडी गावाच्या धक्क्याला लागते.”

साटम हरेश्वरांकडे गेले. “पाटील, हा काय प्रकार आहे?”

हरेश्वर मंडळाच्या खजिनदाराशी बोलत होते. बोलता बोलता थांबले, कान टवकारल्यासारखं केलं आणि म्हणाले, “वारा सुटला. लवकर निघा तुमी.”

मंडळाच्या लोकांना आधी गंमत वाटली, मग राग आला, मग घड्याळ दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कचेऱ्या होत्या आणि ओहोटी लागली होती. खजिनदार म्हणाले, “साटम, यांचं काहीतरी धार्मिक दिसतंय. सकाळपर्यंत निवळेल.” ज्ञानदा शेवटच्या होडीत चढताना थांबली.

“आणि हे?”

“कोन?” हरेश्वरांनी विचारलं.

ज्ञानदानं साटमांकडे पाहिलं. अंगरखा पोटरीपर्यंत भिजलेला होता, मिशीचं एक टोक सुटलं होतं. “ज्ञानदा, यांना सांग ना काहीतरी,” ते म्हणाले. ती होडीत बसली आणि अंबाड्यातली फुलं काढून एकेक पाण्यात टाकू लागली.

रात्र साटमांनी किल्ल्याच्या कमानीखाली काढली. त्यांना कोणी हात लावला नाही. दारं ठोठावली तेव्हा आतली माणसं बोलत राहिली.

सकाळी कमानीसमोर वाळूत एक केळीचं पान मांडलेलं होतं. त्यावर भात आणि तळलेला बोंबील. थोड्या अंतरावर हरेश्वर आणि चार माणसं उकिडवी बसून कावळ्याची वाट बघत होती. एक कावळा तटावर येऊन बसला. साटमांनी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी पान ओढून घेतलं आणि खायला सुरुवात केली.

“शिवला,” हरेश्वर म्हणाले, आणि सगळे उठले.

साटमांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला.

ते लतिकाच्या दारात गेले तेव्हा दोघी आत होत्या. चांगुणाबाई रात्री तिथेच राहिल्या होत्या, कारण पाचूबंदरकडे जाणारं कोणी मिळालं नव्हतं. “वहिनी, पुरे झाली मजा,” साटम म्हणाले. “मला ऑफिस आहे. मी पोलिसांत जाऊ शकतो.”

लतिका सासूकडे बघून बोलली. “आये, कोनी तरी मना एकदा सांगितलेला. नाव घेतला तं तो मानूस, नाय घेतला तं पात्र. म्हनून आपुन नाव घेतला.”

“बापाचा पन घेतला,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“पोलिसांत जायला पानी उतरून जावा लागतं,” लतिका म्हणाली.

साटम उंबऱ्यावर बसले. अंगरखा वाळून खरखरीत झाला होता. सुटलेली मिशी ओढून काढत ते म्हणाले, “काय करायचं मी?”

चांगुणाबाईंनी अंगणातल्या कोंबडीला दाणे टाकले आणि तिला सांगितलं, “जल्माला यायचा. दुसरा काय? नव्या पोराला जुना काय नसतं. ना बायको, ना नाटक. त्यानं लिहिला-बिहिला असंल तं तो पन मेला.”

दहाच्या सुमारास देवळापुढच्या दोन खांबांना जाळं बांधून झोळी केली. बायका जमल्या. साटम मागे सरले, पुढे झाले, पुन्हा मागे सरले आणि शेवटी झोळीत बसले. ते उंच होते. गुडघे हनुवटीला लागले, पगडी पडली. चांगुणाबाईंनी दोरी धरून झोका दिला. ज्या बायका लतिकापासून टोपली सरकवून बसत, त्याच तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून पाळणा म्हणत होत्या. नाटकातल्या पाळण्याची चाल साटमांनी स्वतः बसवली होती. ही ती नव्हती.

“नाव कोन घालतं?” हरेश्वरांनी विचारलं.

नाव आत्यानं घालायचं असतं. आत्या म्हणून लतिका पुढे झाली. ती झोळीवर वाकली, तिनं पदर आडवा धरला आणि साटमांच्या कानाशी तोंड नेलं. मग ती हसली. खदखदून नाही. आवाज जेमतेम होता, श्वासाएवढा, आणि चटकन संपला. बाकी कोणाला ऐकू गेलं नाही. एकोणपन्नास प्रयोगांत साटमांनी जे बसवलं होतं त्याच्याशी त्याचं काहीच साम्य नव्हतं.

लतिका सरळ उभी राहिली. “नाव नाय घातला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “पात्राला नाव कशाला?”

रीतीनं तो माणूस जन्मलेला होता, म्हणून त्याला होडीत घेता आलं. त्याला नाव नव्हतं, म्हणून हाक मारता येत नव्हती. युजीननं होडी लोटताना कोणाला तरी उद्देशून म्हटलं, “बाळाला सांगा, कड धरून बस.” या वेळी काही उत्तर आलं नाही.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ज्ञानदा उभी होती. तिनं शाळेतून अर्धी रजा घेतली होती आणि पिशवीत कपडे आणले होते. साटम रेतीवर उतरले तेव्हा तिनं पिशवी पुढे केली.

“चल घरी,” ते म्हणाले.

“तुम्ही जा. लग्न पुन्हा लावावं लागतं म्हणे,” ज्ञानदा म्हणाली. “तुमच्याच नाटकात आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही.” ती विरारच्या रिक्षात बसून आईकडे गेली. ‘हिरोजी नाखवा’चा एक्कावन्नावा प्रयोग ठाण्याला ठरलेला होता, तो रद्द झाला. मंडळानं तांत्रिक कारण सांगितलं. येसूच्या भूमिकेसाठी दुसरी बाई त्यांनी शोधली, पण गोष्ट तोवर सगळीकडे गेली होती. पेंढा पेटवायला कोणी तयार होईना, आणि साटमांनाही होडीत बसवेना.

त्या सकाळी बेटावर देवळापुढची झोळी सोडली आणि बायका पांगल्या. दोघीजणी, ज्या बाजारात सगळ्यात लांब बसायच्या, लतिकाला म्हणाल्या, “उद्या जागा धरतो तुजी.” तिनं मान डोलावली.

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी गाठोडं उचललं. त्या दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या. धूसर डोळे सुनेच्या अंदाजानं वळवले.

“त्याचा झाला. आता तुजा,” त्या म्हणाल्या. “हसलीस तू? माझा पोर जळताना?”

नाही म्हणणं सोपं होतं. तेवढ्यानं म्हातारी राहिली असती, हे लतिकाला कळत होतं. बाहेर युजीनची होडी परत येताना दिसत होती.

“हसले,” लतिका म्हणाली.

चांगुणाबाई उंबऱ्याला टेकल्या. गाठोडं मांडीवर होतं, दोन्ही हात त्यावर. “तो मारायचा तवा मी भिंतीकडं तोंड करून निजायची,” त्या शेवटी म्हणाल्या. “झोप नाय लागायची.”

खालून युजीननं ओरडून विचारलं, पाचूबंदरला कोणी येणार आहे का. त्यानं पुन्हा विचारलं. चांगुणाबाईंनी ओ दिली नाही. मग इंजिनाचा आवाज लांब गेला.

“माफ नाय केला तुना,” चांगुणाबाई म्हणाल्या. “भात टाक.”